जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीचे भाग आणि सल्ला : नागपूरकर नवख्यांसाठी

पडवीत ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभी असलेली आजोबांची बीएसए किंवा मॅचलेस एके दिवशी आपल्या वाट्याला येते, किंवा कामठीकडच्या एखाद्या गोदामातली जुनी गाडी विकायला निघाल्याचे कानावर येते, आणि ती पुन्हा रस्त्यावर आणायचे आपण ठरवतो. असे ठरवलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा ‘हिचे भाग कुठे मिळतील?’ असा असतो. गेल्या बारा वर्षांत मी एक बीएसए बी-३१ पूर्ण उभी केली आणि एका मित्राच्या एम-२०च्या कामात सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात घातला. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न ‘मला नेमका कोणता भाग हवा आहे?’ हा होय. ज्याला भागाचा क्रमांक, माप आणि आटे सांगता येतात त्याला नागपुरात बसून बहुतेक सगळे मिळवता येते. ज्याला ‘बीएसएचा क्लच पाहिजे’ एवढेच सांगता येते त्याचे पैसे न बसणाऱ्या भागांत अडकतात. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने चढाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी थोडे या गाड्यांविषयी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्करासाठी बीएसए एम-२०, नॉर्टन १६एच, मॅचलेस जी-३एल या गाड्या फार मोठ्या संख्येने बनल्या. एकट्या एम-२०ची संख्या सव्वा लाखाच्या वर होती. युद्धानंतर त्यांतल्या भारतात राहिलेल्या अनेक गाड्या लष्कराने विकून टाकल्या आणि त्या सामान्य माणसांच्या हाती आल्या. त्याशिवाय बी-३१सारख्या नागरी गाड्या चाळीस-पन्नासच्या दशकांत आयात झाल्या, आणि १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड बुलेट जोडली जाऊ लागली. इंग्लंडमधले मूळ कारखाने केव्हाच बंद पडले. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ भागातल्या बीएसएचा स्वतंत्र कारभार १९७३ मध्ये संपला. बीएसए हे नाव २०१६ मध्ये महिंद्रा समूहातल्या क्लासिक लेजेंड्सकडे आणि नॉर्टन हे नाव २०२० मध्ये टीव्हीएसकडे आले, त्यामुळे नवख्यांना वाटते की आता शोरूममध्ये जाऊन जुन्या गाडीचे भाग मागवता येतील. तसे होत नाही. नाव तेच असले तरी आजची बीएसए ही सर्वस्वी वेगळी, नव्याने रचलेली गाडी आहे.

पहिली पायरी : गाडीची ओळख आणि कागद

इंजिनाचा क्रमांक बीएसएच्या एकसिलिंडरी गाड्यांवर डाव्या बाजूला, सिलिंडरच्या बुडाशी क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीसारख्या भागावर, ठोकलेला असतो, तर फ्रेमचा क्रमांक पुढच्या बाजूला, हँडलच्या दांड्याखालच्या सांध्याजवळ सापडतो. तिथे साठलेला चिखल आणि तेल रॉकेल व नायलॉनच्या ब्रशने काढावे. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश तिथे चुकूनही लावू नये, कारण पुसट झालेला आकडा पुढे आरटीओत संशयाचे कारण ठरतो. साफ झाल्यावर पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासावी आणि छाप घ्यावी. आरटीओत चेसिसची छाप घेतात तशीच ही रीत आहे, आणि डोळ्यांना न दिसणारा आकडाही पुष्कळदा कागदावर उमटतो.

या क्रमांकांच्या आधीची अक्षरे महत्त्वाची असतात. बी-३१च्या इंजिनावर एक्सबी, वायबी, झेडबी, बीबी अशी अक्षरे येतात आणि त्यांवरून गाडीचा काळ ठरतो. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ‘इंजिन आणि फ्रेमचा नंबर जुळत नाही, म्हणजे गाडी जोडजाड आहे’ असे बाजारात सर्रास सांगितले जाते. बी-३१च्या बाबतीत हे दोन क्रमांक कारखान्यातूनच वेगवेगळे निघत. ती जोडी खरी आहे की नाही हे कारखान्याच्या रवानगीच्या नोंदवहीवरूनच कळते, आणि अशा वह्या इंग्लंडमधल्या संस्थांनी जपून ठेवल्या आहेत. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या ग्रंथालयाकडे अनेक जुन्या कारखान्यांच्या नोंदी आहेत, तर एजेएस-मॅचलेस, नॉर्टन, बीएसए यांचे स्वतंत्र मालक-क्लब आपापल्या गाड्यांची माहिती देतात. क्रमांकांचे फोटो आणि ठरलेले शुल्क पाठवल्यास गाडी कोणत्या साली, कोणत्या क्रमांकांनिशी, कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याचा दाखला मिळू शकतो. गाडीवर करायचा पहिला खर्च हाच असावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

कागदांविषयी नागपूरकरांनी विशेष दक्ष राहावे. आपले शहर १९५० पर्यंत मध्यप्रांत-वऱ्हाडची आणि त्यानंतर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे येथील जुन्या गाडीचे नोंदणीपुस्तक आजच्या महाराष्ट्राच्या नावाचे नसणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून ते खोटे ठरत नाही. मात्र ती नोंद आजच्या संगणकीय वाहन प्रणालीत आली आहे का हे तपासावे, आणि आली नसल्यास एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ यांपैकी ज्या कार्यालयाच्या हद्दीत आपण राहतो तेथे गाडी घेण्याआधी विचारणा करावी. पैसे दिल्यानंतर विचारण्याचा काही उपयोग नसतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या, बिगर-व्यावसायिक दुचाकी-चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय झाली. तिचे नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचे ५,००० रुपये ठरले असून ती दहा वर्षे चालते. नव्याने नोंदलेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते, तर आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. या नियमात गाडी मूळ रूपात असावी आणि तिच्या चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. म्हणजे ‘बीएसएचे इंजिन गेलेच आहे, बुलेटचे बसवून टाकू’ हा सोपा वाटणारा सल्ला ऐकला तर हा मार्ग बंद होण्याचा धोका असतो. निर्णय आधीच घ्यावा.

दुसरी पायरी : पार्ट्स लिस्ट हाती घेणे

प्रत्येक गाडीची कारखान्याने छापलेली सचित्र पार्ट्स लिस्ट असते आणि तिच्या पुनर्मुद्रित प्रती आजही विकत मिळतात. सुटे भाग उकलून दाखवलेली त्यातली चित्रे कोणालाही समजतात, त्यासाठी इंग्रजीचे फार ज्ञान लागत नाही. बीएसएच्या भागांना कारखान्याने दिलेले क्रमांक फार उपयोगी आहेत: ६५ने सुरू होणारे भाग बी-३१, बी-३३च्या गटाचे, ६६चे एम-२०, एम-२१च्या गटाचे, ६७चे जोडसिलिंडरी ए-७, ए-१०चे आणि ९०चे बँटमचे. एखाद्या दुकानदाराने दिलेल्या भागाच्या पिशवीवर ६७ असेल तर तो बी-३१ला बसेल का, ही शंका घरी येण्याआधीच घेता येते. उलट, कारखाना एकच भाग अनेक गाड्यांना वापरत असे, त्यामुळे ६६चा क्रमांक असलेला भाग आपल्या ६५च्या यादीतही अधूनमधून सापडतो. अशा वेळी तो भाग दुसऱ्या गाडीच्या नावानेही शोधता येतो, आणि शोधाचे क्षेत्र दुप्पट होते.

यासोबत एक जाड वही ठेवावी. डाव्या पानावर भागाचा क्रमांक व चित्राचा आकडा, उजव्या पानावर मोजलेले माप, आट्यांचा प्रकार, कुठे विचारले, काय भाव सांगितला. फोनमधल्या फोटोंवर सगळे सोपवू नये. सहा महिन्यांनी चारशे फोटोंतून एक वॉशर शोधणे फार कठीण जाते.

तिसरी पायरी : उघडताना आट्यांची भाषा शिकणे

गाडी उघडण्याआधी चारही बाजूंनी, तारा-केबलींच्या वळणांसकट फोटो काढावेत. उघडताना निघालेला प्रत्येक भाग, तो कितीही गंजलेला किंवा मोडलेला असो, वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावा. गंजून अर्धा उरलेला ब्रॅकेटसुद्धा नवा बनवणाऱ्यासाठी नमुना असतो, आणि नमुना नसला की अंदाजाने बनवलेला भाग दोनदा बनवावा लागतो.

आता आट्यांविषयी. नवख्यांचे सर्वांत जास्त नुकसान येथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आज आपल्या घरातल्या बहुतेक नट-बोल्टांना मिलिमीटरचे आटे असतात. जुन्या ब्रिटिश गाडीत चार वेगळे प्रकार एकत्र नांदतात: ॲल्युमिनियमच्या केसमध्ये जाणारे जाड आट्यांचे व्हिटवर्थ म्हणजे बीएसडब्ल्यू, बारीक आट्यांचे बीएसएफ, सायकलच्या धंद्यातून आलेले, इंचाला बहुधा २६ आटे असलेले सायकल थ्रेड, आणि विजेच्या छोट्या स्क्रूंसाठीचे बीए. व्हिटवर्थ आणि बीएसएफ यांच्या आट्याचा कोन ५५ अंश, तर सायकल थ्रेडचा ६० अंश. पाव इंची बोल्ट घ्या: बीएसएफमध्येही इंचाला २६ आटे आणि सायकल थ्रेडमध्येही २६. एकाचा नट दुसऱ्यावर सहज चढतो, पण कोन निराळा असल्यामुळे आट्यांची पूर्ण पकड बसत नाही आणि कंपनांनी तो सैल होतो.

याहून घातक प्रकार ८ मिलिमीटरच्या बोल्टचा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. त्यामुळे ८ मिलिमीटरचा बोल्ट त्या भोकात जाईल असे डोळ्यांना वाटते आणि तो दीड-दोन फेरे फिरतोही. मग अडतो. येथे घाईचा माणूस पान्याला जोर लावतो, आणि ज्या ॲल्युमिनियमच्या केसने सत्तर वर्षे आटे सांभाळले त्यातून चमचमता कीस बाहेर येतो. माझ्या बी-३१च्या टायमिंग कव्हरचे एक भोक आधीच्या कोणी तरी असेच खाल्लेले होते. त्यात नवी बुश बसवून आटे पाडण्यासाठी कामगाराचे दोन दिवस गेले. म्हणून नियम साधा ठेवावा: बोल्ट हाताच्या बोटांनी पूर्ण आत गेला पाहिजे. पाना केवळ शेवटचे घट्ट करण्यासाठी आहे.

यासाठी दोन हत्यारे पहिल्याच दिवशी घ्यावीत, एक व्हर्नियर कॅलिपर आणि एक इंची थ्रेड गेज. पाने व्हिटवर्थचे लागतात. त्यांवरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, म्हणून ‘१/४ डब्ल्यू’ (व्हिटवर्थ) आणि ‘५/१६ बीएस’ (बीएसएफ) हे एकाच पान्याच्या एकाच तोंडावर लिहिलेले आढळते. हे माहीत नसले की आपण उगीच दोन पाने विकत घेतो. नागपुरात जुने व्हिटवर्थ पाने मिळण्याची चांगली शक्यता असते ती जुन्या कारखान्यांचे सामान घेणाऱ्या भंगारवाल्यांकडे. नव्या चकचकीत पान्यांपेक्षा ते पुष्कळदा सरस निघतात.

इतवारीच्या लोहाओळीत नट-बोल्ट मागताना तिथली भाषा वापरावी. तिथे इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. पाव इंच म्हणजे दोन सूत, ५/१६ म्हणजे अडीच सूत, ३/८ म्हणजे तीन सूत. ‘अडीच सूत, बीएसएफ, दीड इंच लांब’ असे सांगितले की दुकानदाराला लगेच समजते, आणि नमुन्याचा जुना बोल्ट सोबत असला तर तो स्वतः नट फिरवून पाहतो. बीएसडब्ल्यू तिथे सहज मिळतो, बीएसएफसाठी फिरावे लागते, आणि सायकल थ्रेडचे बोल्ट मात्र बहुधा लेथवर बनवून घ्यावे लागतात किंवा इंग्लंडहून संच मागवावा लागतो. चाक, फोर्क, ब्रेकच्या दांड्या अशा जिवावरच्या जागांसाठी साध्या लोखंडाचे बोल्ट बनवून घेऊ नयेत. तिथे चांगल्या प्रतीचे पोलादच हवे.

चौथी पायरी : काय नागपुरात, काय बाहेर

वही भरली की तिचे तीन वाटे करावेत.

पहिला वाटा शहरातच पूर्ण होतो. बी-३१ आणि एम-२० यांची चाके १९ इंची असतात, आणि जुन्या बुलेटच्या १९ इंची चाकांसाठी विकले जाणारे टायर-ट्यूब त्यांना चालतात, त्यामुळे टायर परदेशातून आणण्याचे कारण नाही. बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला क्रमांक वाचून तो मोठ्या बेअरिंग विक्रेत्याकडे द्यावा. इंची मापाची बेअरिंग दुकानात नसली तरी क्रमांकावरून मागवून मिळतात. केबली नमुन्यावरून बनवून मिळतात, सीटचे कव्हर शिवून मिळते, आणि सिलिंडरचे बोअरिंग-होनिंग म्हणजे आतून कातून गुळगुळीत करणे हिंगणा एमआयडीसीच्या परिसरात किंवा शहरातल्या चांगल्या इंजिन वर्कशॉपमध्ये होते. येथे एकच गोष्ट लक्षात ठेवावी: आधी पिस्टन हातात यावा, मग बोअर करावे. पिस्टन २०, ४०, ६० थाऊ म्हणजे इंचाच्या तितक्या हजारांशांनी वाढीव मापात मिळतात. सिलिंडर आधी ४० वर नेला आणि बाजारात ६०चाच पिस्टन उरला, तर पुन्हा बोअर करावे लागते आणि सिलिंडरचे उरलेले आयुष्य विनाकारण कमी होते.

दुसरा वाटा बुलेटच्या धंद्याशी जोडलेला आहे. आपल्याकडच्या जुन्या बुलेटमध्ये इंची आटे दीर्घ काळ चालू राहिले, त्यामुळे जुन्या मिस्त्रींना ही हत्यारे आणि ही पद्धत माहीत असते. पण बुलेटचा भाग बीएसएला ‘बसवून देतो’ असे कोणी म्हणाल्यास मोजमाप मागावे. दोन्ही गाड्या ३५० सीसीच्याच म्हणवल्या जातात, तरी बुलेटचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ७० मिलिमीटर व स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ९०, तर बी-३१चा बोअर ७१ व स्ट्रोक ८८. पिस्टन दिसायला सारखा असला तरी तो दुसरा आहे. रिमच्या बाबतीत भोके मोजावीत आणि ती कोणत्या तिरपेपणाने पाडली आहेत तेही पाहावे, कारण हबची रुंदी बदलली की स्पोकचा कोन बदलतो. नागपूरबाहेर दिल्लीचे करोल बाग, पुण्याची नाना पेठ आणि जुना बाजार, कोलकात्याचा मलिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट या बाजारांत हिंडण्यासारखे आहे. तिथे जाताना वही, व्हर्नियर आणि जुना नमुना सोबत न्यावा, आणि दोन दिवस राखून ठेवावेत. पहिल्या दिवशी फक्त पाहावे.

तिसरा वाटा इंग्लंडचा. तिकडे जुन्या गाड्यांच्या भागांचे नवे उत्पादन आजही चालते, ही आपल्यासाठी फार मोठी सोय आहे. ॲमल कार्ब्युरेटर आणि त्याचे जेट, सुया, स्लाइड हे सगळे बर्लेन ही कंपनी नवे बनवते. बीएसए आणि एरियलसाठी सफोकमधले ड्रॅगनफ्लाय, तर रॉयल एनफिल्डसाठी हिचकॉक्स ही जुनी नावे आहेत. मागणी पाठवताना भागाचा क्रमांक, गाडीचे मॉडेल, साल आणि इंजिनाची अक्षरे हे चारही लिहावे. तिकडच्या किमतीत अनेकदा २० टक्के व्हॅट धरलेला असतो आणि परदेशी पाठवणीवर तो लागत नाही, म्हणून तो वजा केला आहे का हे विचारावे. पार्सलवर येथे सीमाशुल्क आणि जीएसटी लागतो, आणि तो टपालखर्च धरून आकारला जातो. कुरियरवाले ओळखपत्राचे कागदही मागतात. दहा छोटी पार्सले मागवण्यापेक्षा वहीत यादी साठू द्यावी आणि वर्षातून दोन मोठी पार्सले मागवावीत. पार्सलवर खरी किंमतच लिहायला सांगावी, कारण हरवलेल्या पार्सलची भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते.

पाचवी पायरी : सल्ला कसा मागावा

जुना मिस्त्री हा या कामातला सर्वांत मोठा ठेवा आहे आणि त्याच्याशी वागण्याची एक रीत आहे. भर दुपारी, दारात चार गाड्या उभ्या असताना जाऊन ‘काका, बीएसए चालू होत नाही, काय करू?’ असे विचारले तर उत्तर ‘घेऊन या, बघू’ एवढेच मिळते, आणि त्यांचे काही चुकत नाही. सकाळी दुकान उघडताना जावे, भाग सोबत न्यावा, आणि प्रश्न असा विचारावा: ‘उस्ताद, थंड इंजिन दुसऱ्या किकला उठते. पंधरा किलोमीटर चालल्यावर बंद पडते. प्लग काढून पाहिला तर ठिणगी नाही. अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. पॉइंटची गॅप १२ थाऊ आहे.’ असा प्रश्न ऐकल्यावर सदरमधल्या एका वयस्क उस्तादांनी हातातले काम खाली ठेवून मला स्टुलावर बसवले होते, आणि पुढचा तासभर ते मॅग्नेटोविषयी, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्राविषयी, बोलत होते.

त्यांनी सांगितलेले येथे नोंदवतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हा दोष हमखास डोके वर काढतो. ल्युकासच्या जुन्या मॅग्नेटोत कंडेन्सर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग, हा आर्मेचरच्या, म्हणजे तारेची वेटोळी असलेल्या फिरत्या भागाच्या, आतच बसवलेला असतो. वयाने तो गळू लागतो, तापला की अधिक गळतो, आणि ठिणगी नाहीशी होते. वेटोळ्यांवर पूर्वी लाखेचा लेप असे. तो उष्णतेने मऊ होऊन बाहेर येतो आणि आर्मेचर आत चिकटू लागते. मेमध्ये बाहेर ४५ अंश आणि त्यात इंजिनाची धग, म्हणजे जानेवारीत ठणठणीत असलेला मॅग्नेटो एप्रिलअखेर दगा देतो. यावर उपाय आर्मेचर नव्याने भरून, म्हणजे तार नव्याने गुंडाळून, त्यात आधुनिक कंडेन्सर घालणे हा आहे. पण हे काम कूलरच्या मोटारी भरणाऱ्याकडे देऊ नये. ते आपल्या कामात निष्णात असतात, तरी मॅग्नेटोच्या आतली तार केसासारखी बारीक असते, तिचे हजारो फेरे असतात, आणि लेप निर्वात भांड्यात आत मुरवावा लागतो. ज्याने आधी मॅग्नेटो भरले आहेत आणि त्यांतला एक तरी चालत्या गाडीवर दाखवू शकतो, त्याच्याकडेच द्यावे, मग तो दुसऱ्या शहरात का असेना.

मॅग्नेटो स्वतः उघडणार असाल तर आर्मेचर ओढण्याआधी ठिणगीचा पिकअप, अर्थिंगचा ब्रश आणि बाजूचा सेफ्टी स्क्रू ही तिन्ही बाहेर काढावीत. स्क्रू तसाच राहिला तर आर्मेचर ओढताना स्लिप रिंगची, म्हणजे ठिणगीची वीज पिकअपकडे देणाऱ्या कड्याची, कड मोडते. आमच्या एम-२०च्या कामात एका कारागिराच्या हातून नेमके हेच झाले आणि नवी स्लिप रिंग येईपर्यंत गाडी तीन महिने उभी राहिली.

विजेच्या कामात आणखी एक जपावे. पन्नासच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत ६ व्होल्टची बॅटरी असते आणि तिचे धन टोक चेसिसला जोडलेले असते. आजचा इलेक्ट्रिशियन सवयीने ऋण टोक अर्थ करतो. बॅटरीजवळ मोठ्या अक्षरांत चिठ्ठी बांधून ठेवावी.

सहावी पायरी : रंग आणि मुलामा

हे काम शेवटी करावे. सर्व भाग जमून, गाडी एकदा रंगाविना पूर्ण जोडून, चालवून पाहिल्यावरच ती पुन्हा उघडून रंगाला द्यावी. नव्या रंगावर ब्रॅकेटचे भोक कानशीने वाढवावे लागणे फार जिव्हारी लागते. क्रोमला भाग देताना मोजून, वजन करून, प्रत्येकाचा फोटो काढून द्यावेत आणि पावतीवर संख्या लिहून घ्यावी. माझे नऊ छोटे भाग गेले आणि सात परत आले. त्यांत लिव्हरवरचे मूळ कारखान्याचे अक्षर बफिंगमध्ये पार पुसले गेले होते. त्यानंतर मी ‘अक्षरांवर बफ लावू नये’ हे पावतीवरच लिहून घेऊ लागलो. इंजिनाची केस काचेच्या मण्यांनी किंवा वाळूने फुंकून साफ करू देऊ नये. तेलाच्या बारीक वाटांत कण अडकून राहतात आणि बिग एंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचे खालचे बेअरिंग, खाऊन टाकतात.

सातवी पायरी : पेट्रोल आणि पावसाळा

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. जुन्या पेट्रोल-कॉकमध्ये बुचाची गुंडी असते, आणि बुचावर किंवा टाकीच्या सांध्यावर लाखेचा लेप दिला असेल तर तो इथेनॉलमध्ये विरघळतो. कॉक व कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे मागवावेत. इथेनॉल हवेतली ओल ओढते, म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस पडण्याआधी टाकी आणि फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) दोन्ही रिकामे करावेत, टाकीत थोडे इंजिन ऑइल फिरवावे आणि झाकण बंद करावे. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तेलाच्या टाकीतले तेल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरते. म्हणून दिवाळीच्या सुमारास पुन्हा सुरू करताना आधी केसच्या तळाचा प्लग काढून ते तेल बाहेर घ्यावे, तेलाची टाकी भरावी, आणि इंजिन सुरू होताच तिचे झाकण उघडून तेल परत येत आहे का ते पाहावे. धार दिसली नाही तर इंजिन लगेच बंद करावे.

काम पूर्ण झाल्यावर उरलेले जुने भाग भंगारात देऊ नयेत. माझ्या कपाटात झिजलेला पिस्टन, मोडकी स्लिप रिंग आणि टायमिंग कव्हरचा खाल्लेला बोल्ट चिठ्ठ्यांसह ठेवलेले आहेत. गेल्या पावसाळ्यात वर्ध्याहून एक तरुण बी-३१चे मोडके ब्रॅकेट घेऊन आला. माझ्याकडचे गंजके जुने ब्रॅकेट त्याच्या पार्ट्स लिस्टमधल्या क्रमांकाशी जुळले. त्याने दिवाणखान्यात बसून व्हर्नियरने त्याची बावीस मापे वहीत उतरवली, कागदावर आकार गिरवून घेतला आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.